खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशनआधी नसेजवळ 'ब्लॉक' द्यायचा म्हणतायत, सही करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सासूबाई ८१ वर्षांच्या, परवा पहाटे बाथरूमला जाताना घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलायचं ठरलंय. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, म्हणून ऑपरेशन दोन-तीन दिवस पुढे ढकललंय. काल भूलतज्ज्ञ येऊन सांगून गेले की तोवर मांडीच्या नसेजवळ इंजेक्शन देऊन ठेवू. तुमचे दीर म्हणतात नसेत सुई गेली तर पाय कायमचा जाईल, नणंद म्हणते हे बिल वाढवायचे धंदे, आणि फॉर्म तुमच्या हातात. शिवाय पायाला बांधलेलं वजन आणि ऑपरेशनआधी काढायचं मंगळसूत्र, हेही तुम्ही विचारलंय.

सही करा. आणि "द्यायचा का" हे विचारण्यापेक्षा "कधी देताय" हे विचारा, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. मी गेली बावीस वर्षं भूल देते, त्यातली निम्मी वर्षं हा ब्लॉक मी चुकीच्या वेळी दिला किंवा दिलाच नाही, म्हणून जरा जास्त लिहिणार आहे.

आधी त्या 'नस' शब्दाचं बघू, कारण निम्मी भीती तिथूनच येते. आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. ब्लॉक मज्जातंतूचा असतो आणि औषध तंतूच्या आत घालत नाहीत, त्याच्या आजूबाजूला सोडतात. दाताच्या डॉक्टरकडे दाढ काढताना जबडा बधिर करतात ना, तोच प्रकार, जागा फक्त जांघेजवळची. औषध उतरलं की संवेदना परत.

आता दुखतं का इतकं. खुबा मोडलेल्या माणसाचं दुखणं दोन प्रकारचं असतं आणि आपल्या भाषेत त्याला दोन वेगळे शब्द आहेतच, ठणका आणि कळ. ठणका म्हणजे गप पडून असतानाही चालू असतं ते. कळ म्हणजे पाय जरा हलला, चादर ओढली, बेडपॅन सरकवला, एक्स-रेच्या टेबलावर उचलून ठेवलं की डोक्यापर्यंत जाते ती. गोळ्या-इंजेक्शनं ठणक्याला बऱ्यापैकी धरतात पण कळेपुढे त्यांचं फार चालत नाही, आणि नर्सताईंनी "आजी दुखतंय का" विचारलं तेव्हा आजी निपचित पडलेल्या असतात, त्या म्हणतात "नाही गं बाई", आणि केस पेपरवर दुखणं कमी असं लिहिलं जातं. पाच मिनिटांनी डायपर बदलायला कुशीवर वळवलं की त्याच आजींची किंकाळी वॉर्डभर ऐकू येते. म्हणून दुखणं विचारायचं ते हलवताना.

ही कळ येते कुठून, तर हाडावरच्या आवरणातून आणि सांध्याभोवतीच्या पिशवीतून, आणि या पिशवीची पुढची बाजू मज्जातंतूंनी सगळ्यात जास्त भरलेली असते. तिथे मुख्यतः फिमोरल आणि ऑब्ट्युरेटर अशा दोन नसांच्या फांद्या येतात, काही लोकांत एक जादा ऑब्ट्युरेटरही असते. मागच्या बाजूला सायटिकाच्या घरातल्या फांद्या जातात पण दुखण्यात त्यांचा वाटा कमी. म्हणजे पुढच्या बाजूच्या फांद्या बधिर केल्या की कळेचा मोठा भाग जातो. जातो म्हणजे कमी होतो, शून्य होत नाही, ते आधीच सांगून ठेवते नाहीतर नंतर म्हणाल डॉक्टरांनी फसवलं.

आता माझं जुनं पाप सांगते. मी शिकत होते तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं असं चालायचं, की पेशंट दोन-तीन दिवस वॉर्डात, पायाला वजन बांधलेलं, सकाळ-संध्याकाळ दुखण्यावर डायक्लोफेनॅक नाहीतर ट्रामाडॉल, आणि मग ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरात आणून कमरेतून भूल द्यायची. कमरेतून भूल द्यायला पेशंटला बसवावं तरी लागतं नाहीतर कुशीवर तरी वळवावं लागतं. मोडका खुबा घेऊन ऑपरेशन टेबलावर बसायचं! एक वॉर्डबॉय पाय धरणार, एक खांदे, सिस्टर समोरून मिठी मारल्यासारखी धरणार, आणि मी पाठीमागून सुई घेऊन "आजी हलू नका, अगदी हलू नका". एका आजींनी त्या बसवण्यात माझा हात इतका करकचून धरला होता की संध्याकाळपर्यंत नखांच्या खुणा होत्या, आणि पूर्ण वेळ त्या मलाच "बाळा, झालं का गं" म्हणत होत्या. फार झालं तर केटामिन नाहीतर फेंटॅनिल असं थोडं गुंगीचं औषध मारायचं, मग एखाद्याचा श्वास मंदावायचा, एखादा बडबडायला लागायचा. ही पद्धतच होती, कुणाला त्यात गैर वाटायचं नाही, मलाही नाही.

मग एका वर्कशॉपमध्ये हा ब्लॉक बघितला आणि परत आल्यावर पहिल्याच केसला ओटीत बसवायच्या अर्धा तास आधी देऊन पाहिला. आजोबा होते, स्वतः हातांवर जोर देऊन उठून बसले. वॉर्डबॉय माझ्याकडे बघायला लागला, म्हणाला मॅडम यांचं हाड खरंच मोडलंय ना. त्या दिवशी मला फार शहाणी झाल्यासारखं वाटलं, आणि पुढची तीन-चार वर्षं मी तेवढंच करत राहिले, ओटीत, भुलेच्या आधी. हे डोक्यातच आलं नाही की अरे, आजोबा तर परवापासून वॉर्डात पडलेत, एक्स-रेला गेले, टूडी इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) गेले, चार वेळा कपडे बदलले, सगळं त्या कळेसकट, आणि आपण ब्लॉक देतोय कधी तर शेवटच्या अर्ध्या तासात. वरात गेल्यावर घोडा आणायचा तसं.

इंग्लंडमध्ये हा ब्लॉक कॅज्युअल्टीतच देतात, बऱ्याच ठिकाणी खास ट्रेनिंग घेतलेल्या नर्सेससुद्धा देतात. तिकडच्या नाइस या सरकारी संस्थेच्या २०११ च्या सूचनांमध्ये साधारण असं आहे की पॅरासिटामॉल द्या, पुरलं नाही तर ओपिऑइड (अफूच्या जातीचं, ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक), तेही पुरत नसेल किंवा ओपिऑइड कमी ठेवायचं असेल तर ब्लॉक, आणि डायक्लोफेनॅकच्या घराण्यातली औषधं या पेशंटना देऊ नका. हे शेवटचं आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. ८१ वर्षांची बाई, दोन दिवस धड पाणी प्यायलेली नाही (बेडपॅन लागू नये म्हणून मुद्दाम पीत नाहीत बऱ्याच जणी, हे बघा तुम्ही), त्यात किडनीवर ताण देणारी सुई दर बारा तासांनी. फाइल बघायला मिळाली तर बघा आणि दिसलं तर आदराने विचारा की याशिवाय चालेल का. ट्रामाडॉलनेही म्हाताऱ्या माणसांना मळमळ, चक्कर आणि गोंधळ होतो.

गोंधळ म्हणजे तेच, ज्याला आपल्याकडे "वात झाला" म्हणतात. रात्री उठून सलाईन उपटतात, गेलेल्या माणसांना हाका मारतात, सुनेला ओळखत नाहीत. घरच्यांना वाटतं भुलेने डोक्यावर परिणाम झाला. तर भुलेचा प्रकार हे त्याचं मोठं कारण नाही हे २०२१ मधल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलंय, कमरेची भूल दिली काय आणि पूर्ण दिली काय, भ्रम साधारण तेवढाच. पण दुखणं, जागरण, ओपिऑइड, पाणी कमी पडणं, ही सगळी त्याला खतपाणी घालतात. ब्लॉकबद्दल २०२० चा कॉक्रेनचा (जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा आहे, ४९ चाचण्या आणि तीन हजारांवर पेशंट, त्यात असं निघालं की ब्लॉक दिल्यावर अर्ध्या तासात हलवतानाचं दुखणं दहापैकी साधारण अडीच गुणांनी कमी होतं, आणि साधारण बारा जणांना ब्लॉक दिला तर त्यातल्या एकाचा भ्रम टळतो. छातीत इन्फेक्शनही कमी होण्याची शक्यता, आणि पेशंट लवकर उठून बसतात. मरण टळतं असं काही सिद्ध झालेलं नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर ते वाढवून सांगतायत. पण बारात एक भ्रम टळणं हे ज्यांनी घरात असा पेशंट रात्रभर सांभाळलाय त्यांना विचारा किती मोठं आहे ते.

प्रकार दोन-तीन आहेत, तुम्हाला कुठला देणार ते विचारून घ्या पण त्यावर वाद घालत बसू नका, देणाऱ्याचा हात ज्यावर बसलाय तो चांगला. जुना म्हणजे फॅशिया इलियाका ब्लॉक. डालेन्स नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९८९ मध्ये लहान मुलांसाठी मांडलेला, आज त्याचा सगळ्यात जास्त फायदा होतोय ऐंशीच्या पुढच्यांना! यात जांघेच्या जरा बाहेरच्या बाजूला स्नायूवरच्या एका पडद्याखाली तीस-चाळीस मिली पातळ औषध सोडतात आणि ते पसरत नसांपर्यंत जातं. नवा म्हणजे पेंग ब्लॉक, टोरांटोच्या गटाने २०१८ मध्ये छापलेला. यातली गंमत अशी की पेंग हे इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं रूप आहे आणि त्या गटातल्या ज्येष्ठ डॉक्टरांचं आडनावही पेंगच आहे, आता हा योगायोग किती आणि हौस किती ते तुम्हीच ठरवा. यात सोनोग्राफीवर बघत सांध्याच्या अगदी पुढे हाडाजवळ वीस मिलीच्या आसपास औषध सोडतात. फायदा असा की मांडीचा जोर फारसा जात नाही. तोटा असा की कातडी बधिर होत नाही, त्यामुळे ऑपरेशननंतर टाक्यांच्या जागी जळजळ राहते, त्यासाठी मी मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या कातडीची नस वेगळी बधिर करते, दोन मिनिटांचं काम आहे.

सोनोग्राफीवरून आठवलं. लोक विचारतात एवढं चांगलं आहे तर सगळीकडे का देत नाहीत. एक कारण सवय. एक कारण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत भूलतज्ज्ञ नसतोच, तो ओटी लागली की येतो. आणि तिसरं कारण ऐकून बाहेरच्या देशातले माझे मित्र चाट पडतात, ते म्हणजे गर्भलिंगनिदान रोखायचा १९९४ चा कायदा. सोनोग्राफीचं मशीन, मग ते नस बघायचं का असेना, नोंदणी झालेल्या जागीच वापरता येतं, मशीनची आणि वापरणाऱ्याची नोंद लागते, पिशवीत घालून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात न्यायची सोय नाही. आणि आम्ही भूलतज्ज्ञ तर दिवसाला तीन-तीन हॉस्पिटलं फिरणारे. कायदा कशासाठी आला ते मला माहीत आहे, ज्या जिल्ह्यांत मुलींची संख्या कोसळली होती त्यातल्याच एकात मी राहते, त्यामुळे कायद्यावर रागही काढवत नाही. पण परिणाम असा की लहान नर्सिंग होममध्ये मशीन नसलं की ब्लॉकच दिला जात नाही.

खरं तर फॅशिया इलियाका मशीनशिवायही देता येतो, आम्ही तसाच शिकलो. कमरेच्या पुढचं टोकाचं हाड आणि जांघेतलं हाड यांच्यामध्ये रेघ धरायची, तिचे तीन भाग करायचे, बाहेरचा भाग संपतो तिथून बोटभर खाली सुई घालायची. सुई जरा बोथट हवी म्हणजे दोन पडदे फुटताना दोनदा 'टक' असं हाताला लागतं, दुसऱ्या टक नंतर औषध. मोठी रक्तवाहिनी आणि मुख्य नस या जागेपासून चांगली आत असते, म्हणून तशी सुरक्षित. मशीनवर यश जास्त येतं हे खरं, पण मशीन नाही म्हणून आजींना तीन दिवस कळेत ठेवणं मला पटत नाही.

आता तुमच्या सासूबाईंकडे येते, क्लोपिडोग्रेल. कमरेतली भूल या गोळीवर का टाळतात, तर मणक्याच्या आत बंद हाडाच्या नळीत रक्त साचलं तर मज्जारज्जू दाबला जातो आणि ते बाहेरून दिसत नाही, दाबून थांबवता येत नाही. म्हणून गोळी बंद करून पाच ते सात दिवस थांबायची पद्धत. मांडीतला फॅशिया इलियाका त्या मानाने वरवरचा, रक्त आलंच तर बोटाने दाबून धरता येतं, त्यामुळे क्लोपिडोग्रेल चालू असतानाही तो आम्ही देतो. पेंग जरा खोल असतो, तिथे थोडा जास्त विचार. म्हणजे बघा, ज्या पेशंटला थांबावं लागणार आहे तिलाच ब्लॉकची सगळ्यात जास्त गरज आहे आणि तिला तो देताही येतो. तुमच्या भूलतज्ज्ञांनी आपणहून येऊन विचारलं, मला तर तो माणूस आवडला.

पण एक गोष्ट त्यांना विचाराच. एकदा दिलेला ब्लॉक साधारण आठ ते सोळा तास चालतो, आणि तुमच्याकडे थांबायचंय दोन-तीन दिवस, तर दुसऱ्या दिवसाचं काय? एक तर रोज परत द्यायचा, नाहीतर बारीक कॅथेटर म्हणजे नळी ठेवून त्यातून औषध चालू ठेवायचं. कॅथेटर सुटतं, ओलं होतं, वॉर्डच्या नर्सला त्याची सवय असावी लागते, म्हणून मी स्वतः बहुतेक वेळा परत सुई मारणं पसंत करते. आणि ब्लॉक आहे म्हणून पॅरासिटामॉल बंद करायचं नाही, ते वजनाच्या हिशोबाने घड्याळाप्रमाणे चालू हवं, दुखलं तर द्या असं नको.

आणि हेही विचारा की पूर्ण भूल देऊन लवकर करता येईल का. नुसत्या क्लोपिडोग्रेलसाठी म्हाताऱ्या माणसाला आठवडाभर पाडून ठेवू नये असंच आता बहुतेक जाणकार म्हणतात. भारतासह १७ देशांत झालेला हिप अटॅक नावाचा अभ्यास आहे, २०२० चा, त्यात निदानानंतर सहा तासांत ऑपरेशन आणि चोवीस तासांत ऑपरेशन यांत मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही, पण लवकर झालेल्यांत भ्रम कमी होता. अँजिओप्लास्टीत हृदयाच्या शिरेत बसवलेल्या स्टेंटचं काय ते मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, इथे मी लांबून हात घालत नाही, आणि गोळी कुणाच्या सांगण्याशिवाय तुम्ही बंद किंवा चालू करू नका.

दिरांच्या भीतीबद्दल. नसेला टिकून राहणारी इजा होण्याचं प्रमाण ब्लॉकमध्ये साधारण दहा हजारांत दोन ते चार असं धरतात. आहे, पण फारच कमी. दुसरा धोका म्हणजे औषध रक्तात जास्त गेलं तर तोंडाला धातूची चव येते, ओठाभोवती मुंग्या, कानात गुंई, आणि फार झालं तर झटके, हृदयाची गडबड. म्हणूनच वजन महत्त्वाचं. सासूबाई समजा ४५ किलोच्या, तर ब्युपिव्हाकेन हे बधिर करायचं औषध ९० मिलीग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे पाव टक्क्याचं ३६ मिली झालं, आणि पुढची कमरेची भूल किंवा टाक्यांजवळचं इंजेक्शन हेही त्याच हिशोबात धरायचं असतं. मॉनिटर लावलेला हवा, सलाईनची शीर चालू हवी, आणि दुधासारखं पांढरं लिपिड इमल्शन हाताशी असावं, तो त्यावरचा उतारा. "लिपिड आहे का हो इथे" एवढं नणंदेने विचारलं तर डॉक्टर एकदम सरळ बसतील.

पाय लुळा वाटणं हे मात्र होऊ शकतं, तात्पुरतं. फॅशिया इलियाकामध्ये मांडीचा जोर काही तास जातो, गुडघा दगा देतो. ऑपरेशनआधी त्याने काही बिघडत नाही, कारण त्या पायावर उभं राहायचंच नाहीये. ऑपरेशननंतर मात्र फिजिओथेरपिस्ट उभं करायला आला की त्याला आठवण करा की ब्लॉक दिलाय, वॉकर आणि दोन माणसं हवीत. एकदा आमच्याकडे हे सांगायचं राहिलं आणि आजोबा वॉकरसकट खाली बसले. वाचले, पण मला तो आवाज अजून आठवतो.

बिलाचं म्हणाल तर औषध स्वस्त असतं, सुई त्याहून थोडी महाग, बाकी डॉक्टरची फी, ती आधी विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पायाला बांधलेल्या वजनाबद्दल विचारलंय तुम्ही. ऑपरेशनआधी ते लावल्याने दुखणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सवयीने लावतात. त्रास देत असेल, टाच लाल होत असेल तर सांगा, काढतील, आणि पायाखाली उशी ठेवून बरं वाटतं का बघा.

शेवटी ते मंगळसूत्राचं. ८१ वर्षांच्या बाईला भरल्या घरात "काढा" म्हटलं तर ती रडणारच. पूर्ण भूल दिली तर गळ्यात काही नको, ते खरं आहे, तोंडात नळी घालताना अडतं. मी असं करते की वॉर्डात कुणी हात लावायचा नाही, ओटीच्या दारापर्यंत गळ्यातच राहू द्यायचं, तिथे सासऱ्यांना बोलवायचं आणि त्यांच्याच हातात द्यायचं, बाहेर आल्यावर त्यांनीच घालायचं. आजवर एकाही आजींनी याला नाही म्हटलेलं नाही. कानाचं मशीन आणि चष्मा मात्र काढून घरी नेऊ नका, ऑपरेशन झाल्यावर लगेच लावायला लागतील, नाहीतर त्या तुमच्याकडे बघून विचारतील तू कोण गं.